टाक्यातले केळीचे खांब

बाबा, परसातलं नवं टाकं आज बांधून झालं. बांधलं त्याच मिस्त्रीनं, ज्यानं आपल्या घरामागे माझं पहिलं टाकं बांधलं होतं. आता ते म्हातारे झालेत, लेकीकडे माझ्या सासरच्याच गावात राहतात. इतकी वर्षं मी सिमेंटच्या वाटेला गेले नव्हते. चार बाजूंनी बांबू ठोकायचे, त्यांना तट्टे बांधायचे, आत ताडपत्री अंथरायची की झालं टाकं. गरिबाच्या खिशाला सोसतं आणि दोन पावसाळे आरामात निघतात. पण यंदा उंदरांनी ताडपत्री कुरतडली. सकाळी जाऊन बघते तर पाणी सगळं वांग्याच्या वाफ्यात आणि मागूर मासे चिखलात वळवळतायत. म्हटलं, आता एक पक्कंच बांधून घेऊ.

तुम्ही सायकलवर अल्युमिनियमच्या हंड्या बांधून मत्स्यबीज विकत फिरायचात. हंडीतलं पाणी तळहातानं सारखं हापटत राहायचं, नाहीतर पिल्लं गुदमरतात, हे मी चालायच्या आधी शिकले असं आई म्हणायची. कुणाला शेतातल्या बोडीत, तळ्यात बीज सोडायचं असलं तर अख्खा इलाका तुम्हालाच विचारायला यायचा. वाटेत हंडीतली पिल्लं मेली तर त्या दिवशी तुम्हाला घास उतरायचा नाही. आई ताट झाकून ठेवायची आणि आम्हाला गप्प बसायची खूण करायची. माझा बाप असा होता, असं मी सगळ्यांना सांगत आले.

माझी बारावी झाली आणि कामठ्याकडचं स्थळ आलं. मी म्हटलं, मला लग्न नको, मला घरामागे टाकी बांधून मागूर वाढवायचे आहेत. आई हसली. दादा तर लोळायचाच बाकी होता. तुम्ही हसला नाहीत, म्हणून तर मी फसले. तुम्ही विडी विझवलीत आणि म्हणालात, “एक टाकं बांधून देतो तुले. धान कापणीवरी एक बी मासोरी जित्ती रायली, तं मी तुह्या लग्नाचं नाव काढत नाही.”

किती हौसेनं बांधलं आपण ते. भट्टीवरच्या तुटक्या विटा तुम्ही सायकलवर आणल्यात. सिमेंट कुणाच्या तरी पायऱ्यांच्या कामातून उरलेलं. मी रेती चाळली, मिस्त्रीकाकांच्या हाताखाली माल कालवला, वर सावलीला पळसाच्या डहाळ्या घातल्या. अजून आठवतं, मी ओल्या गिलाव्यावर हात फिरवतेय आणि तुम्ही बाजूला उभे राहून नुसते बघताय. टाकं सुकलं, पाणी भरलं, आणि दोन-चार दिवसांत तुम्हीच हंडी आणून पिल्लं सोडलीत, तुमच्या हातानं. दुसऱ्या सकाळी ती पोटं वर करून तरंगत होती. तुम्ही काठावर बसलात आणि एकेक उचलून टोपलीत टाकलंत. तुमचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, “जाऊ दे बाई. हे आपल्या हातचं नाही.” उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले तेव्हा माझ्या टाक्याशेजारी दुसरं टाकं उभं होतं, दादासाठी बांधलेलं. त्यात माझ्याच मांडवाच्या दारचे केळीचे खांब तुकडे करून टाकले होते. ते कुजून पाणी काळपट झालं होतं. मी विचारलं, हे काऊन? तुम्ही हंडी घासत होतात, मान वर न करताच सांगितलंत की नव्या सिमेंटातला चुना पाण्यात उतरतो आणि त्यानं पिल्लं मरतात. खांब कुजवले, पाणी दोनदा-तीनदा फेकून दिलं की टाकं निवतं, मग खुशाल सोडा. हे ऐकून मी घरात गेले आणि उगाच तांदूळ निवडत बसले. मग स्वतःचीच समजूत घातली की बाबा हे मागाहून कुठेतरी शिकून आले असणार. आधी माहीत असतं तर सांगितलं नसतं का? ही समजूत मी आजवर सांभाळली. तुम्ही गेलात तेव्हा मी जी रडले, ती हिच्याच भरवशावर.

आज मिस्त्रीकाका थापी धुताधुता म्हणाले, यात आता केळीचे खांब टाक बाई. मी म्हटलं, ठाऊक आहे. तर म्हणतात, “तवा बी मी तुह्या बाबाले म्हटलं होतं, पोरीले सांगून दे. त्यानं मले चूप बसवलं. म्हने, पोरीची जात हाय, चार दिवस रडन न् नांदाले जाईन.” सांगताना ते हसत होते. आपण एका बापाची माया सांगतोय असं त्यांना वाटत होतं. मी त्यांना चहा दिला, लेकीसाठी डब्यात वांगी दिली आणि फाटकापर्यंत पोचवून आले.

तुम्ही सरळ नाही म्हटलं असतंत तर काय झालं असतं, बाबा? मी भांडले असते, एखाद-दुसरं जेवण सोडलं असतं, आणि शेवटी तुमचंच ऐकलं असतं. त्या वयात दुसरं करणार काय होते? पण तुम्ही मला जिंकायची आशा दाखवलीत, माझ्याकडून रेती चाळून घेतलीत, आणि केसानं गळा कापलात. त्यासाठी हंडीभर पिल्लं जाणूनबुजून मारलीत. नवरा वाईट मिळाला असता तर तुमच्यावर रागावणं सोपं गेलं असतं. माणूस चांगला आहे, टाक्याला पाणीही भरून देतो. पण हे घर मला फसवून दिलंय, हे आज कळलं, आणि ते आता कळलं नाही असं होणार नाही. त्या सकाळी तुमचे डोळे कशासाठी भरले होते? माझ्यासाठी, पिल्लांसाठी, की तुमच्या लबाडीची तुम्हालाच लाज वाटली म्हणून? हे विचारावं तर तुम्ही नाही.

मिस्त्रीकाका गेल्यावर मी केळीचे दोन खांब तोडले, तुकडे केले आणि टाक्यात टाकले. तुमची विद्या खोटी नाही, तेवढं मी मानते.

हा कागद कुठे धाडायचा नाही, उद्या चुलीत जाईल. पण एक गोष्ट तुम्हाला कधीच कळली नाही. त्या सकाळी सगळी पिल्लं मेली नव्हती. टोपली उकिरड्यावर रिकामी करायला मीच गेले होते, तेव्हा त्यातल्या एकानं शेपूट हलवली. मी त्याला गोठ्यामागच्या मोडक्या काठाच्या रांजणात ठेवलं, गांडुळं घातली, आणि धान कापणी झाली तेव्हा तो वीतभर झाला होता. रांजण ओढून तुमच्यासमोर आणायचा, एवढंच बाकी होतं. पण टाक्याच्या काठावरचे तुमचे डोळे आठवायचे. आपला बाप आपल्यासाठी इतका कष्टी झाला, त्याला शब्दात कशाला पकडायचं, असं वाटायचं. हळद लागायच्या आदल्या दिवशी मी त्याला गावच्या तलावात सोडून आले, तुम्ही हरलात हे तुम्हाला कळू नये म्हणून.