सगळ्या गावाच्या बाटल्या आणि माझा उजवा डोळा

तीर्थस्वरूप अक्का,

आज सकाळी चहाचा कप बशीवर ठेवताना काच काचेला लागल्याचा बारीक आवाज झाला, आणि मी एकदम नऊ वर्षांचा झालो. तुला आठवतो का तो सोमवारचा आवाज? किण किण, किण किण. गावातल्या प्रत्येक गल्लीतून कोणी ना कोणी पिशवीत रिकामी बाटली घेऊन दवाखान्याकडे निघालेलं. तू पुढे, हातात पिशवी, आणि मागे मी, तुझ्या फ्रॉकचं टोक धरून. त्या आवाजाला चाल होती. आपल्या चौथीच्या पुस्तकातल्या नदीच्या कवितेची अगदी तीच चाल. (तू म्हणशील, तुला रस्त्यावरच्या खड्ड्यातही कवितेची चाल ऐकू येते. येते खरी.)

तर साष्टांग नमस्कार. मनातल्या मनात घातला आहे, कारण खाली वाकलो तर उठवायला घरात दुसरं कोणी नाही. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरतेस का? भाऊजींना नमस्कार सांग. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त येत्या गुरुवारी सरकारी दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि मी जाणार नाही असं मी ठरवलं आहे. डावा डोळा कारखान्यात काचेची कपची उडून गेला ते तू जाणतेसच, तेव्हा शिल्लक आहे तो हा एकच. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी लांबवलं तर तोही हातचा जाईल. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर समजून घे. त्या मला सरळ दिसत आहेत.

म्हणजे बघ, अडतीस वर्षं मी काचकारखान्याच्या तपासणीच्या खोलीत उजेडासमोर बाटली धरून आतला बुडबुडा शोधत बसलो. दिवसाला हजारो बाटल्या. एक बुडबुडा सुटला नाही. आणि आता काल मी फाटकाशी उभ्या असलेल्या शेजारीणबाईंना वाकून नमस्कार केला, मुलांची चौकशी केली, तरी बाई बोलेनात. जवळ गेलो तर वाळत घातलेली रजई. (रजईच्या मुलांचं काय झालं असेल, असा विचार रात्री जेवताना मनात आला, ते वेगळं.)

पण मुद्दा तो नाही. मी ऑपरेशनला जात नाही ते तत्त्वासाठी. माझा नंबर दोनदा आला आणि दोनदा मी तो दुसऱ्याला दिला. पहिल्यांदा एका ट्रकचालकाला, दुसऱ्यांदा सुईत दोरा ओवता येईना म्हणून रडणाऱ्या एका शिवणकामवाल्या बाईंना. ज्याला जास्त गरज त्याला आधी, हे बाबांचं तत्त्व. आणि हे मी परवा डॉक्टरीणबाईंना समजावून सांगायला गेलो. समजावायचं तर मुळापासून समजावावं. म्हणून हा दवाखाना, ही फुकट औषधं, हे सगळं कुठून आलं तिथून मी सुरुवात केली. भिंतीवरच्या फलकावर लिहिलंय की आयोग बसला, अहवाल आला, कायदा झाला. मी म्हटलं, बाई, आयोग नंतर बसला. आधी घासूकाका बसले, डोक्याला हात लावून.

तुला सगळं ठाऊक आहे, पण मी ज्या रंगात सांगितलं तो रंग तुझ्यापर्यंत पोचावा म्हणून पुन्हा लिहितो. त्या काळी औषध ज्याचं त्याने विकत घ्यायचं. ज्याला परवडेल त्याला खोकल्याचं औषध, ज्याला परवडणार नाही त्याला खोकला. बाटली घरून न्यायची. आता दुसऱ्या गावांत लोक तेलाची, शाईची, सरबताची, हाताला लागेल ती बाटली नेत असतील; आपलं गावच बाटल्या बनवणारं. कारखान्यातला वाकडा माल घरोघरी. त्यामुळे गावात झाडून सगळ्यांकडे एकच बाटली, तोच वाकडा गळा, तोच हिरवट रंग. ओळखायच्या कशा? म्हणून प्रत्येक घराने आपल्या बाटलीच्या गळ्याला आपली चिंधी बांधलेली. आपली निळी, तुझ्या जुन्या फ्रॉकची. मॅनेजरसाहेबांची रेशमी. सकाळी बाटली आणि चिठ्ठी खिडकीत ठेवायची, दुपारी भरून न्यायची.

आणि कंपाउंडर म्हणजे आपले घासूकाका, ज्यांनी दवाखान्याची पाटी घासून घासून तिच्यावरची अक्षरं घालवली होती. त्या सोमवारी डॉक्टर बाळंतपणासाठी पलीकडच्या वस्तीत गेलेले. काकांनी बाटल्या भरल्या, बुचं लावली, आणि मग त्यांची नजर त्या मळक्या चिंध्यांवर गेली. राहवेना. सगळ्या सोडल्या, उकळल्या, निळीत बुडवल्या, वाळवल्या आणि (हे मी स्वतः खिडकीतून पाहिलं) इस्त्री केल्या. इस्त्री करून वळले, तर टेबलावर साठेक बाटल्या. सगळ्या सारख्या.

खरं सांगण्याइतकं धैर्य त्यांच्यात नव्हतं, आणि बाहेर रांग लागलेली. मग त्यांनी अंदाजाने चिंध्या बांधल्या. अंदाज असा, की ज्या चिंधीवरचे डाग धुऊनही गेले नाहीत त्या घरात आजार जास्त, म्हणून त्यांना गडद औषध, उरलेल्यांना फिकं. अक्का, मी पुष्कळ विद्वान माणसं पाहिली, पण इतकं पद्धतशीर चुकलेलं माणूस पुन्हा पाहिलं नाही.

पुढचे चार दिवस गावाने एकमेकांची औषधं घेतली. मॅनेजरसाहेबांना कोणा पोराचं जंताचं औषध गेलं. ते कधी नव्हे इतके नम्र झाले आणि बैठकीतून वारंवार उठू लागले. हेडमास्तरांना झोपेचं औषध आलं. एरवी ते कवितेच्या तासाला एका ओळीवर पाऊण तास व्याकरण करायचे. त्या दिवशी खुर्चीतच लवंडले, आणि आम्ही पोरांनी पहिल्या कवितेपासून शेवटच्या कवितेपर्यंत अख्खं पुस्तक मोठमोठ्याने म्हणून काढलं. कविता म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी बिघडलो तो बिघडलोच. आपल्या बाबांना गायनमास्तरांचं घशाचं औषध मिळालं. आणि राजधानीहून खास मागवलेलं, मॅनेजरसाहेबांचं ताकदीचं टॉनिक गेलं भट्टी झाडणाऱ्या बाईच्या सासूला. तीन महिने अंथरुणाला खिळलेली म्हातारी बुधवारी उठून बसली आणि म्हणाली, “भाजीत मीठ कोण घालतंय? जिवावर उठलंय का माझ्या?”

शुक्रवारी पॅकिंगच्या हॉलमध्ये सभा. तोवर कोणाचं औषध कोणाकडे गेलं ते गावाला उलगडलेलं, तेव्हा घासूकाकांना नोकरीवरून काढायचं म्हणून. तू आणि मी खोक्यांवर बसलो होतो. मॅनेजरसाहेब उठले आणि म्हणाले, “ते सगळं राहू द्या, आधी माझं टॉनिक मला परत मिळालं पाहिजे.” तेवढ्यात मागून काठी टेकत ती सासू पुढे आली. सगळ्यांनी वाट करून दिली. साहेबांच्या पुढ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “ही आले. घ्या काढून. कुठून काढता?”

असा हशा मी पुन्हा ऐकला नाही. आणि मग बाबा उठले. भट्टीच्या धुराने बाबांचा आवाज कायम बसलेला. आयुष्यात एकदाच लागला तो त्या दिवशी, गायनमास्तरांच्या कृपेने. ते म्हणाले, “इतके दिवस ज्याच्याकडे पैसा, त्याच्या बाटलीत औषध. या आठवड्यात चुकून का होईना, जिथे गरज होती तिथे गेलं. चुकून जमलं ते आता ठरवून जमवू या.” घरपट्टीबरोबर आरोग्यपट्टी घ्यायची, मोठ्या घराची मोठी, लहान घराची लहान, आणि औषध मात्र घर बघून नाही, आजार बघून. डॉक्टरांना गावाने पगार द्यायचा. साहेबांनी विचारलं, “आणि मी वर्षभर आजारी पडलोच नाही तर? माझी पट्टी फुकट?” म्हातारी म्हणाली, “आजारी पडला नाहीत म्हणून रडताय होय? या की माझ्या अंथरुणात, मोकळंच आहे.”

झालं, हात वर झाले. साहेबांचाही झाला. घासूकाकांची नोकरी राहिली, फक्त चिंध्यांना हात लावायचा नाही अशी अट घातली. मग शेजारच्या गावांचे लोक वह्या घेऊन बघायला आले, मग जिल्ह्याचे, आणि बारा-तेरा वर्षांनी सगळ्या देशाच्या करातून सगळ्या देशाचा दवाखाना झाला. आयोगाचा अहवाल मी वाचला आहे. चारशे पानं. घासूकाकांचं नाव कुठेही नाही.

तर हे मी डॉक्टरीणबाईंना सांगत होतो. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेले अकरा जणही ऐकत होते. मी “देशाचा दवाखाना झाला” इथवर येऊन थांबलो. बाकावरून कोणीतरी विचारलं, “मग पुढे काय झालं, आजोबा?”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पुढे आजोबांनी सही केली.” आणि फॉर्म पुढे सरकवला.

मी म्हटलं, बाई, माझ्यापेक्षा गरजू कोणी असेल तर माझा नंबर... त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या वडिलांनी गरजेप्रमाणे द्यायचं ठरवलं ना? मग गरज कोणाची किती ते इथे आम्ही मोजतो. एकच डोळा उरलाय, म्हणून तुम्हाला वर घेतलंय. तो नंबर तुमच्या खिशातला नाही, की वाटेत कोणी भेटलं आणि दिला.” एवढीशी मुलगी, गं. बाबांसारखीच मान तिरकी करून बोलते. आवाज मात्र चांगला आहे.

मी “विचार करून सांगतो” म्हणालो आणि घरी आलो. विचार केला. तत्त्व ते तत्त्व. शिवाय, खरं सांगू का, या धूसर जगाची मला सवय झाली आहे. समोरचा कारखाना बंद पडून दहा वर्षं झाली, पण मला इथून चिमणी अजून धूर सोडते आहे असं दिसतं. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे फुलांच्या घोसांसारखे दिसतात. एवढं सगळं काढून टाकायचं, आणि पाहायचं काय, तर भिंतीचा पोपडा? तेव्हा मी जात नाही. तू काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. तत्त्वाचं मी वर लिहिलं ते खरंच आहे, पण पूर्ण खरं नाही. ट्रकचालकाला नंबर दिला तेव्हा तो घेतच नव्हता. मी त्याच्या पाया पडायचाच बाकी होतो. अक्का, मला भीती वाटते. सुरीची नाही. पट्टी बांधल्यावर अख्खा दिवस काहीच दिसणार नाही, आणि खोलीत कोण आलं, कोण गेलं, उजाडलं की मावळलं, हे सांगायला कोणी नसेल, त्याची. आणि पट्टी सोडल्यावरही तसंच राहिलं तर, त्याची. फॉर्मवर “सोबत राहणारी व्यक्ती” अशी ओळ आहे. ती मी भरली आहे. तुझं नाव, तुमचा फोन नंबर. सही तेवढी न करता फॉर्म तिथेच ठेवून आलो. तू येशील का? एकच दिवस. काही करायचं नाही, नुसतं शेजारी बसून बोलत राहायचं. रागावलीस तरी चालेल.

ता. क. २. भाऊजींना यातलं काही सांगू नकोस. तीस वर्षं त्यांनी, आधी गावासाठी आणि मग सरकारसाठी, दारोदार फिरून आरोग्यपट्टी वसूल केली. त्यांना डोळ्यांतलं पाणी खरं कुठलं आणि पट्टी चुकवायचं कुठलं, ते लांबूनच कळतं. ते आले तर मी भ्यालोय हे एका मिनिटात ओळखतील आणि जन्मभर हसतील. शिवाय कवितेचं त्यांना वावडं.

ता. क. ३. दार वाजतंय. दूधवाला असेल. थांब.

दूधवाला नाही. बॅग घेऊन भाऊजी उभे आहेत. दवाखान्यातून तुमच्याकडे फोन गेला म्हणे, “सोबतीला येणार ना?” असं विचारायला. तुला जिना उतरवत नाही हे तू मला का कळवलं नाहीस? मी आत या म्हणतोय, तर हे उंबऱ्याबाहेरच, जुन्या सवयीने. हसले नाहीत. घसा खाकरून म्हणाले, “मला कविताबिविता येत नाहीत. पेपर वाचून दाखवीन, सगळा, जाहिरातींसकट.” येताना दवाखान्यावरून माझा फॉर्म घेऊन आलेत, आणि पेनही त्यांचंच. सहीची ओळ दिसेना म्हणून त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं.

केली.