चंद्राला जाऊन आलेली चिंधी

४ मार्च
सहीतलं शेवटचं अक्षर गेलं! परवापर्यंत होतं. भिंग लावून पाहिलं, फ्रेम तिरकी धरून पाहिलं – नाहीच. तळहाताएवढा कापडी झेंडा चंद्राला प्रदक्षिणा घालून सुखरूप परत आला, आणि आमच्या भिंतीवर त्याचं वाटोळं होतंय. हसावं की रडावं!

५ मार्च
अकरा वर्षं पत्रं पाठवून मिळवला होता. यानातून तो घेऊन गेलेल्या अंतराळवीराची स्वतःची सही, काळ्या स्केचपेनाने केलेली. तो माणूस वारला. आता पुन्हा सही कोण करणार?

बाकी सगळा संग्रह कपाटात, अंधारात. हा एकच हिच्या पलंगासमोर, खिडकीच्या उजेडात. उजेडात शाई उडते हे जगाला सांगत फिरणारा मी! पण खुब्याचं हाड मोडून ही अंथरुणाला खिळली, तेव्हा म्हणाली, "तुमची ती चिंधी इथे लावा." बेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या संग्रहातलं हिने पहिल्यांदाच काही मागितलं. नाही कसं म्हणणार?

८ मार्च
भिंगोजीला फोन केला. माझ्यासारखाच चंद्रवेडा, पण शहाणा. "उजेडात टांगलास? या नादात केस पांढरे केलेस, आणि अक्कल गहाण टाकलीस? आजच्या आज काढ!"

हिला विचारलं. "राहू द्या ना. बरं वाटतं मला." पडदा ओढला तर म्हणते जीव गुदमरतो. इकडे आड, तिकडे विहीर.

९ मार्च
दिवसातून पाच-सहा वेळा जाऊन बघतो. बघून सही थोडीच थांबणार आहे! पण पाय तिकडेच वळतात. गेलो की पाणी देतो, उशी सारखी करतो, चार गोष्टी होतात. ही चिडवते, "माझ्याकडे एवढं टक लावून कधी पाहिलं नाहीत!"

१२ मार्च
आणखी एक अक्षर. आज हिच्या हातून चहाचा कप कलंडला. कप समोर आणि हात भलतीकडे. अशक्तपणा फार आलाय.

१५ मार्च
केलं एकदाचं! कापडावर हुबेहूब प्रत छापून आणली. लेक हिला चाकाच्या खुर्चीतून आंघोळीला घेऊन गेली, तेवढ्यात फ्रेममध्ये बदलली. खरा झेंडा कपाटात. लेकीने येऊन भिंतीकडे पाहिलं आणि हिचे केस पुसायला लागली. मला मात्र चोरासारखं वाटत राहिलं.

ही काहीच म्हणाली नाही. सुटलो.

१९ मार्च
किती दिवसांनी डोकं शांत आहे. बाहेरच्या खोलीत बसून संग्रहाची नवी यादी करतोय. हिचं खाणंपिणं लेक बघते. दिवस कसा जातो कळत नाही.

२० मार्च
हिने हाक मारली. "झेंडा काढलात ना?"

मी गारच! एवढी बेमालूम प्रत – "कसं ओळखलंस?"

"मला कुठे दिसतोय तो? दोन महिने झाले, भिंतसुद्धा दिसत नाही. तुम्ही यायचे थांबलात, त्यावरून कळलं. तुम्ही यावं म्हणूनच तर मागितला होता."