सड्यावरचा मासा

३ डिसें.
सकाळी सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, बारा जण चित्रं बघायला, पुण्याचे. नेहमीचंच : चपला गडग्याच्या दगडी कुंपणापाशी काढा, रेषांवर पाय नको, उन्हाकडे तोंड करून उभे राहा. मग मी गप्प. कातळात कोरलेलं चित्र आपण दाखवायचं नसतं, माणसाला सापडू द्यायचं. सात वर्षांत हे माझं मी शिकले, कुठल्या शिबिरात नाही. एका मुलीला हत्तीची सोंड सापडली, नाचलीच. मला सोंड दिसली तेव्हा पाय दिसेनात. पाय दिसले तर सोंड गेली. हत्ती मोठा आहे, म्हणून असेल.

६ डिसें.
हत्तीचा दोष नाही. परवा उंबऱ्याला ठेचकाळले, काल कळशीला. आज रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. काचबिंदू. कडेची नजर गेलेली, मधली उरलीय, तीही...
"गेलेली परत येत नाही, ताई. आहे ती थेंब घालून टिकवायची." किती शांतपणे सांगितलं मेल्याने. येताना एसटीत रडले.

९ डिसें.
कोणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही. मुंबईहून लगेच म्हणतील, सोड ते, इकडे ये. तिथे खोलीत बसून काय करू? आधी दुसऱ्याच्या बागेत काजू वेचायचे तेव्हा कोणी नावसुद्धा विचारत नव्हतं. सड्यावर मोठमोठे प्रोफेसर माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात. ते मी सोडणार नाही.

१४ डिसें.
युक्ती जमली. ते शोधतात, बोट दाखवतात, मग मी तिथून बोलायला लागते. एक बाई म्हणाल्या, किती छान शिकवता हो तुम्ही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. पूर्वी त्यांच्या आनंदासाठी गप्प राहायचे, आता माझी चोरी झाकायला.

१८ डिसें.
ढग. तिरकं ऊन नाही म्हणजे रेषेत सावली नाही, नुसता काळा कातळ. रिक्षावाला सुभाष, माणसं तोच आणतो, म्हणाला आज नको वैनी, परत नेतो. मी हट्टाने नेलं. सात वर्षं झाडतेय ती जागा, डोळे मिटून जाईन म्हटलं.
कोणाला काही सापडेना. सगळे माझी वाट बघत उभे. मग मीच गेले पुढे, हात करून सांगायला लागले : हा मासा, ही शेपटी, हे कल्ले. एक आजोबा खाली वाकून बघत होते. हळूच म्हणाले,
"ताई, तुम्ही माशावर उभ्या आहात."
मी! रेषेवर पाय पडला म्हणून लोकांची पोरं रडवलीत मी.
परत येताना सुभाषने रिक्षा हळू चालवली. दारात उतरवून एवढंच म्हणाला, "कधीपासून?" मी आत निघून आले.

१९ डिसें.
एकटीच गेले. गुडघ्यांवर बसून बोटाने मासा शोधला. पोट लागलं, कल्ले लागले. शेपटी नाही लागली. गुडघे सोलून निघाले. थेंब घालायचे राहिले.

२२ डिसें.
सुभाषचा फोन. रविवारी वीस जण आहेत.
"काय सांगू त्यांना, वैनी?"
नाही म्हणायचं, हे तीन दिवस ठरवून ठेवलं होतं.
म्हटलं, "रविवारी ऊन पडेल का, ते बघ आधी."