धरायला काहीतरी

३ मार्च

लेकीला फोनवर सांगून टाकलं — बोट विकायची नाही. ती म्हणाली, "आई, बाबांना दवाखान्याचा जिना उतरायला दोन माणसं लागतात." लागतात तर लागतात. बोटीला कुठे जिना आहे?

फिजिओवाली बाई आज ह्यांच्याकडून व्यायाम करून घेऊन निघताना म्हणाली, पावलोपावली धरायला काहीतरी भक्कम असेल तर बोटीत बसायला हरकत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बाजू अजून कच्ची आहे, पण डावा हात ठणठणीत. सांडशीसारखी पकड आहे. मी तिथल्या तिथे ठरवलं. बोट पाण्यात जाणार आणि हे तिच्यात बसणार.

आयुष्यभर ह्या माणसाने दुसऱ्यांच्या बोटी बांधल्या. स्वतःची एवढीशी फायबरची बोट अंगणात उभी केली आणि वर एक खुंटी लागायच्या आत आडवे झाले. ना धरायचे दांडे, ना दोर बांधायच्या खुंट्या. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत आहे नुसती, हात ठरत नाही कुठे.

ह्यांना विचारलं, "मी बसवू का सगळं?" आधी माझे हात बघितले. मग म्हणाले, "बसव."

५ मार्च

शेडमधून सामान काढलं. स्टीलचे दांडे, खुंट्या, नट-बोल्ट सगळं ह्यांनी आजारापूर्वीच आणून ठेवलेलं. मी जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली बाई, ड्रिल हातात घेतलं तर मनगटच खाली गेलं. ह्यांची खुर्ची बोटीशेजारी मांडली. एरवी दोन शब्दांत दमतात, पण बोटीचं बोलताना तेवढे दमत नाहीत.

मी म्हटलं, स्क्रू मारते आणि मोकळी होते. ह्यांनी डोळेच मिटून घेतले. "उपटून येईल. माझ्यासकट." बोटीचा वरचा भाग, डेक, म्हणजे क्रीमचं बिस्किट आहे म्हणे — वर फायबर, खाली फायबर, मधे हलकं लाकूड. भोकातून पाणी शिरलं की लाकूड कुजतं, वरून काही कळतसुद्धा नाही. मग उपाय काय? "आधी मोठं भोक. आतलं लाकूड कोरून काढ. इपॉक्सीचा चिकट लगदा भर. वाळलं की त्यातच लहान भोक."

म्हणजे पाडायचं, बुजवायचं आणि परत तिथेच पाडायचं. द्राविडी प्राणायाम! जिभेवर आलं होतं, गिळलं. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला ताण नको. तेव्हापासून मी ह्यांना उलटून बोललेली नाही. "बरं," म्हटलं.

भांडी घासताना उजेड पडला. हे तर काज आहे! भोक पाडून कडा बांधायच्या, म्हणजे उसवत नाही. आधीच तसं म्हणाले असते तर.

८ मार्च

भोकं पाडली. वर चिकटपट्टी लावायची, आधी ड्रिल उलटं फिरवायचं, मग सुलटं — नाहीतर वरचा चकचकीत थर उडतो. पहिल्याच भोकाला रुपयाएवढा टवका उडाला.

"सांगितलं होतं," हे म्हणाले.

"सांगितलंत, पण टवका उडाल्यावर," मी म्हटलं. चांगल्याच चढ्या आवाजात. लगेच जीभ चावली. ह्यांना काही झालं नाही. चहा घेतला, वर अर्धा कप आणखी मागितला.

९ मार्च

इपॉक्सी भरलं. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. लावलाच. बोट अजून चिकट आहे — माझ्या हाताचं.

१२ मार्च

दांडे बसले! लहान भोकं पाडून झाली, दांड्याच्या पायाखाली पाणी अडवणारं सीलंट थापलं, वरून बोल्ट घातले. मी डेकखालच्या पोकळीत उताणी. प्रत्येक बोल्टला खालून रुंद पट्टी, मग वायसर, मग नट. वर ह्यांनी डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर घेऊन बोल्ट धरायचा. बोल्ट हलवायचा नाही, फिरवायचा तो फक्त नट.

"धरलंय का?"

"धरलंय."

"मग फिरतोय कसा?"

"तू नट उलटा फिरवतेयस."

खोटं! म्हणजे एकदाच फिरवला उलटा. डेकच्या वर एक माणूस, खाली एक माणूस, आणि दोघंही आपलंच खरं करणारी. केसांत सीलंट गेलं, कात्री लावावी लागली.

शेवटी म्हणाले, "पुरे. आता सोड."

१३ मार्च

घात झाला. आणि मीच केला.

सकाळी हे उठायच्या आत बोटीपाशी गेले होते. नट हातानेसुद्धा फिरत होते. ढिलं बटण मला जन्मात बघवलेलं नाही. पाना घेतला आणि सगळे आवळले. सीलंट दांड्याखालून भसकन बाहेर आलं. मी म्हटलं, चला, जास्तीचं निघालं.

हे काठी टेकत आले, वाकून बघितलं. "पाणी मार." पाइप धरला. पोकळीत डोकं घातलं तर टप टप. सीलंट ओलं असताना आवळलं की सगळं पिळून निघतं, पाणी अडवायला आत काही राहतच नाही. त्याची आधी गादी व्हायला हवी, आवळायचं मग.

"सोड म्हटलं होतं ना मी?"

मग मात्र माझा तोल गेला. "नुसतं सोड म्हणालात! का सोड ते कोण सांगणार? शिकवता का कोडी घालता?" हेही ओरडले. मीही थांबले नाही. शेजारीणबाई कुंपणावरून डोकावल्या, "सगळं बरं आहे ना?" दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्या गेल्या.

संध्याकाळी वाटलं, काही झालं असतं ह्यांना तर? रक्तदाब तपासला. बरा होता.

१४ मार्च

सगळं उपसलं. खरवडलं. पुसलं. पुन्हा लावलं. नट हातानेच फिरवले आणि पाना ह्यांच्या उशाखाली ठेवला.

१८ मार्च

पाना परत मिळाला. सीलंट रबरासारखं झालंय. आज आवळले, ह्यांनी वरून बोल्ट धरला आणि शिव्याही घातल्या. दोन मीही परत केल्या. पाणी मारलं — आत कोरडं ठाक. मग दांड्याला धरून मी सगळा भार टाकला, पाय उचलून लोंबकळले. दांडा तसूभर हलला नाही. हे म्हणाले, "तुला तोललं ना, मग मी काय."

२२ मार्च

उद्या लेक येतेय. ट्रेलरवाला सकाळीच येणार आहे. आता माघार नाही.

२३ मार्च

बोट धक्क्याला लागली. लेकीने दोर धरला. मी आधी बोटीत चढले. ह्यांनी धक्क्यावरूनच डाव्या हाताने दांडा घट्ट धरला आणि तसेच उभे राहिले. पाय उचलेनात.

"मला पाण्याची भीती वाटते," म्हणाले. "झटका आल्यापासून. यायचंच नव्हतं मला."

"मग मला इतके दिवस त्या पोकळीत कशाला लोळवलंत?"

"तू भांडायला लागली होतीस. त्याआधी नुसतं गोड बोलायचीस. हार घातलेल्या फोटोशी बोलल्यासारखं."

मला रडू आलं. रागही आला, आणि राग मोठा निघाला. "गुमान चढा," मी ओरडले. धक्क्यावरचे सगळे वळून बघायला लागले.

चढले.