दातांतली फट

प्रिय ताई,

घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फक्त समोरचे दोन्ही दात अर्धे तुटलेत. बसस्थानकावरच्या आमच्या घोषणेच्या खोलीत खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि तेवढ्यात साहेबांनी बाहेरून दार ढकललं. आता बस सुटेल म्हणायला गेलं की तोंडातून शिट्टीच वाजते. म्हणून सध्या मला माइकवरून उठवून चौकशीच्या खिडकीत बसवलंय. तिथेच कायमची राहते की काय, हीच धास्ती आहे.

एका दाताचा तुकडा सापडला होता. दुधात ठेवून आणा, चिकटवता येईल, असं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. मी तो कपभर दुधात घालून फ्रीजमध्ये ठेवला आणि आंघोळीला गेले. बाहेर येते तर ह्यांनी त्याच दुधाचा चहा केलेला! वर, आज चहा फक्कड झालाय म्हणतात. चोथा दाताच्या तुकड्यासकट कचऱ्याच्या गाडीत केव्हाच गेला होता. तेव्हापासून हे माझ्याशी फार अदबीनं वागतायत.

आता शुक्रवारी दात नव्यानं घडवायचेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधली फट बुजवून टाकू, छान दिसेल. मी पटकन नको म्हटलं आणि मला रडूच फुटलं. ती फट आईची गं. तुझी नि माझी. आरशात हसले की आई क्षणभर दिसायची. मग हसतानाचा फोटो आणा, म्हणाल्या. सगळे अल्बम पालथे घातले. प्रत्येक फोटोत आपण तिघी ओठ घट्ट मिटून उभ्या! फट दिसू नये म्हणून आईनंच लावलेली शिस्त.

म्हणून शुक्रवारी तूच यायचंस. तुझे दात बघून त्या माझे घडवतील. पण तोंड नुसतं उघडून भागणार नाही, हसताना ओठ कुठवर जातो तेही त्यांना बघायचंय. भावोजी गेल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस. फोनवर बरी आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस. दातांची काळजी मला आहेच, खोटं कशाला बोलू. पण तुझी त्याहून जास्त आहे. तुझ्याशिवाय काम होईल का, हे मी त्यांना विचारलंच नाही. तू ये. हसू नाहीच आलं, तर ह्यांना चहा करायला लावते.

तुझीच,
शिट्टी