चुलीची राख

सोलापूर, शुक्रवार, चैत्र, सन १९३३

खुडूक कोंबडीचा डावा डोळा अजून मिटलेलाच. पिसांत उवा झाल्या म्हणून तिला लोळायला मीच खड्डा केला आणि यांनी गिरणीतून आणलेली कोळशाची राख त्यात ओतली. चुलीची राख भांड्यांना लागते, ती कोंबडीवर कशाला घालवायची, असं वाटलं. शेजारची नरसम्मा बघून ओरडलीच, “अगं, ती राख लई जाळती! चुलीची घाल की, चाळलेल्या मातीत!” सगळं उपसून तसंच केलं, डोळाही धुतला. पण उशीर तर झाला नाही ना? तो डोळा गेला तर? अंडी सोडून उठली तर? आत्ता तिच्या पोटाखाली हात घातला. रोज कचकन टोचते. आज नुसती बसून राहिली.

मांडणीवरची भांडी मात्र लखलखताहेत.