डावी तंगडी कोणाची

भाजलेल्या बदकाची एक डावी तंगडी, वाडगाभर भात आणि आंबटगोड चटणी, चहा त्यातच : अठ्ठावन्न डॉलर. २०१९ सालच्या ऑक्टोबरातल्या एका बुधवारी मी ही थाळी एका माणसापुढे ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. ती मला केवढ्याला पडली, तर : तीनपैकी दोन दुकाने, नऊ कामगार, रविवारी पट खेळायला येणारे तीन दोस्त आणि एक मुलगी. मुलगी एकच होती.

वकील चिउसाहेबांचे म्हणणे, मृत्युपत्रात आधी नाव, गाव, वय येते. मी म्हटले, दुकानाच्या फळ्यावर आधी भाव असतो. मालकाचे नाव कोण वाचतो? तरी त्यांच्या समाधानासाठी :

मी, मोक शिंग-पो, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा बदके व डुकराचे मांस भाजून विकणे, राहणार शाम शुई पो, हाँगकाँग, लिहून ठेवतो की माझे यकृत गेले आहे, डोके जागेवर आहे. हा कागद माझ्यावर कोणी जोर करून लिहून घेतलेला नाही. उलट ‘आता पुरे, झोपा’ असेच सगळे सांगत आहेत. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, गेल्या महिन्यातला कच्चा मसुदा धरून, या कागदाने रद्द समजावीत.

माझी मिळकत सारी स्वकष्टार्जित आहे. १९७३ साली चीनमधून खाडी पोहून या शहरात आलो तेव्हा अंगावर अर्धी चड्डी होती आणि तळपाय कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेले होते. आज बसथांब्यापासून देवळापर्यंत माझ्या हातचे खाल्ले नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. साक्षीदारांची काळजी करू नका, रस्त्यावरून कोणालाही हाक मारा, असे मी चिउसाहेबांना आधीच सांगून ठेवले आहे.

१. तेराव्या मजल्यावरचे राहते घर, त्यातील सामान, देव्हारा आणि पत्नीची शिवणयंत्रे (दोन, एक बंद) ही माझी मुलगी मोक यिन-टुंग, सध्या राहणार मँचेस्टर, हिला मिळावीत. पत्नी सुक-यी २०१६ मध्येच गेली. पुढचे काही तिला पाहावे लागले नाही, ही तिची पुण्याई.

या कलमाला अट नाही. कच्च्या मसुद्यात होती, ती मी खोडली. का, ते पुढे येईल.

२. माझा मोठा सुरा, ओंडक्याचा पाट, भट्टीची झाकणे आणि उरलेल्या एका दुकानाचा भाडेकरार क्वान वाय-मान याला द्यावा. तो सत्तावीस वर्षे माझ्या शेजारी उभा आहे. मी चांगला मालक होतो असे तो म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या पोटऱ्यांच्या शिरा बघाव्यात. रश्श्याचे जुने भांडेही त्याचेच. ते चौतीस वर्षांत रिकामे झालेले नाही, रोज थोडे काढायचे आणि थोडे घालायचे. क्वान, मीठ तुझ्या जिभेने घाल, माझे माप बघून नको.

३. निवृत्त शिक्षिका यिप बाई यांना क्वानने तहहयात दर बुधवारी एक डावी तंगडी फुकट द्यावी. याचे कारण सविस्तर लिहितो, कारण मृत्युपत्र खरे तर इथूनच सुरू होते.

बदक एका पायावर झोपते, उजव्या. म्हणून डावी तंगडी जास्त मऊ असते. हे खरे की खोटे, मी चाळीस वर्षे बदके कापूनही सांगू शकत नाही. पण गिऱ्हाईक मानते, म्हणून ते खरे. एका बदकाला डावी तंगडी एकच. ती कोणाला द्यायची हे फक्त सुरा धरणारा ठरवतो, आणि जुने गिऱ्हाईक ती कधी मागत नाही. ती आपोआप ताटात आली की समजायचे, आपण या दुकानचे. बुधवारची डावी तंगडी यिप बाईंची होती. एकोणीस वर्षे.

त्या ऑक्टोबरात रस्त्यावर रोज धूर होता. लोकशाही मागणाऱ्या मोर्चातली पोरे आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणजे पिवळे. पोलिसांच्या आणि सरकारच्या बाजूचे म्हणजे निळे. फोनवर एक नकाशा निघाला होता. त्यात प्रत्येक खानावळीवर पिवळा नाही तर निळा ठिपका असे, आणि माणसे भाव बघायच्या आधी ठिपका बघत. आमच्या समोरच्या केकवाल्याला निळा लागला आणि आठवड्यात त्याच्या काचा गेल्या. पलीकडच्या पेजवाल्याला पिवळा लागला, तर त्याच्या घरमालकाने करार वाढवला नाही. माझ्या दुकानावर ठिपका नव्हता. मी सगळ्यांना एकच उत्तर देत होतो, ‘मी बदके भाजतो.’

त्या बुधवारी सार्जंट फान एकटा आला. वर्दीत होता. दुकान भरलेले होते. यिप बाई अजून यायच्या होत्या; त्यांची तंगडी मी बाजूला कापून ठेवली होती. मी ती फानच्या ताटात ठेवली आणि पैसे नको म्हणालो. त्याने मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या ताटाचा फोटो सगळ्या शहराने पाहिला आणि माझ्यावर निळा ठिपका बसला.

यिप बाई पुढच्या बुधवारी आल्या. त्यांनी फोटो पाहिलेला होता. मी डावी तंगडी त्यांच्या ताटात घातली. त्यांनी जेवायच्या काड्यांनी ती उचलून माझ्या पाटावर परत ठेवली आणि छातीचा तुकडा घेतला. “छातीही बरी लागते हो, शिंगकाका,” एवढेच म्हणाल्या. त्या अजून येतात, अजून छातीच घेतात. त्यांनी माझ्या मरणानंतर तरी ती घ्यावी, ही विनंती.

४. सार्जंट फान याला काही देऊ नये. तो वाईट माणूस नाही, पण त्या ताटानंतर तो परत आला नाही. मला वाटले होते, येईल. ते का वाटले होते, ते कलम सहामध्ये.

५. पुढील मंडळींना माझ्या मिळकतीतून काही देऊ नये, मात्र त्यांची आठवण नोंदवून ठेवावी.

ठिपका बसल्यावर तरुण गिऱ्हाईक दोन दिवसांत आटले. कॉलेजची एक टोळी रोज माझ्याकडे जेवायची, ती आता दारावरून जाताना फोन वर धरून जाई. आणि मग उलटीच रांग लागली. लांबून बसने लोक आले. म्हातारे, बायका, एक तर अख्खी सहल. येऊन माझ्या पाठीवर थाप मारत, “शाब्बास शिंगमास्तर, तुमच्यासारख्यांनीच शहर टिकवलंय.” तो माझ्या आयुष्यातला सर्वांत जास्त विक्रीचा आठवडा. त्यांतल्या एकालाही चव कळत नव्हती. शनिवारी मीठ चुकले होते, क्वानने मला खुणावले, आणि पंचवीस जणांनी ते ‘अप्रतिम’ म्हणून खाल्ले. आठव्या दिवशी त्यांतल्या एका शेटने दाराला लावायला झेंडा आणला. मी नको म्हणालो. झाले, नवव्या दिवशी तेही बंद.

मग कॉलेजच्या पोरांतला एक जण भला म्हणून आला. म्हणाला, काका, भिंतीवर एक चिठ्ठी लावा, तुमच्या हाताने, आमच्या बाजूची दोन अक्षरे, मी नकाशावर बदलून घेतो. बिचाऱ्याने चिठ्ठी आणि पेनही आणले होते. मी त्यालाही नको म्हणालो. वसंतापर्यंत दोन दुकाने गेली. नऊ कामगारांना मी स्वतः सांगितले. एकाने माझ्या अंगावर एप्रन फेकला. बरोबर फेकला.

६. आता माझी मुलगी.

आ-टुंग, हे कलम तुझे आहे. चिउसाहेब म्हणतात की मृत्युपत्रात कोणाला ‘तू’ म्हणत नाहीत. त्यांना म्हणू दे.

तो फोटो तू काढलास. गल्ल्याच्या मागून, पडद्याच्या फटीतून. नकाशावर दुकानाचे नाव तूच पाठवलेस. मला तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. तुझ्या दोन मैत्रिणी चार नंबरच्या टेबलावर बसल्या होत्या. सुऱ्याच्या आवाजात कापणाऱ्याला काही ऐकू येत नाही, असे सगळ्यांना वाटते. मी चाळीस वर्षे त्या आवाजाच्या आडून या गल्लीतली लग्ने, दिवाळखोऱ्या आणि पळून जाणे ऐकत आलो आहे. त्यांतली एक म्हणाली, “टुंगने स्वतःच्या बापाला स्वतःच्या हाताने निळं केलं गं. दोन दिवस जेवली नाहीये.” त्या रात्री मी तुझ्यासाठी पेज ठेवली होती. तू खाल्लीस. मी काही बोललो नाही. ते मला मोठेपणाचे वाटले. आता वाटते की तिथेच मी तुला घालवले.

तू मला एकच प्रश्न विचारला होतास, भर दुकानात, दुपारी, “बाबा, मग तुम्ही पोहून आलात तरी कशाला?”

मी म्हणालो, “चार नंबरला भात दे.”

उत्तर आज लिहितो. आमच्या गावात मी पाच-सहा वर्षांचा असताना सगळ्यांचे जेवण एकाच सार्वजनिक भटारखान्यात होते. आमचा बाप जमीनदाराचा मुलगा, म्हणून वाईट ठरलेला. पळीभर पेज ताटलीत पडण्याआधी आम्हा भावांना मोठ्याने म्हणावे लागे, ‘माझा बाप वाईट आहे.’ मी म्हणत असे. मला भूक लागलेली असे. दादा म्हणत नसे. त्याला पेजेवरचे नुसते पाणी मिळे. बाप रांगेत आमच्या मागेच उभा असे.

खाडीत उतरलो तेव्हा आम्ही दोघे होतो. दादाची हवा भरलेली पिशवी मध्येच फुटली. माझी एकाला पुरेल एवढीच होती. यापुढे मी लिहिणार नाही.

तर मी पोहून आलो ते एवढ्यासाठी की मला अशी जागा हवी होती जिथे ताटली पुढे केल्यावर माणसाला काही म्हणावे लागत नाही. मी ती जागा बांधली. चाळीस वर्षे माझ्या दुकानात कोणालाही भातापूर्वी काही विचारले गेले नाही. म्हणून मी झेंडा घेतला नाही आणि म्हणून चिठ्ठी लावली नाही.

पण हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे सांगून मरायला माझ्याकडे वेळ नाही. त्या बुधवारच्या आदल्याच आठवड्यात समोरच्या केकवाल्याच्या काचा फुटल्या होत्या. फान आत आला, मी त्याची कमरेची काठी पाहिली, आणि मला वाटले, हा माणूस माझ्या काचांकडे जरा बघेल. यिप बाईंची तंगडी मी त्याला घाबरून दिली. ती सवय नव्हे, माणुसकीही नव्हे; तुला मी नंतर तसे सांगितले, ते खोटे. त्याने काही विचारले नव्हते आणि मी आपण होऊन म्हणून टाकले, पुन्हा एकदा, पोटासाठी. तू पडद्यामागून जे पाहिलेस ते नीट पाहिलेस. रंग कोणता ते मला ठाऊक नाही. पण माणूस तू बरोबर ओळखलास.

तू गेल्यापासून दर रविवारी फोन करतेस. “जेवलात का, बाबा?” “जेवलो. तू?” “जेवले.” मग तिकडचा पाऊस. दोन वर्षे झाली. तुला वाटते मला माहीत नाही, आणि म्हणून तू येत नाहीस. मी तुझा श्वास ऐकतो ना फोनवर. माझे कान अजून गेलेले नाहीत.

कच्च्या मसुद्यात अट होती की घर हवे तर तू त्या नकाशाबद्दल लेखी माफी मागावी. ती वाचून दाखवताना चिउसाहेब थांबले. मी म्हटले, पुढे वाचा. मग मीच म्हटले, थांबा. भातापूर्वी काही म्हणायला लावणारी ती अट होती. खोडली. घर तुझे आहे. काही म्हणू नकोस. निळी, पिवळी, कोणत्याही रंगाची ये, नाही तर विकून टाक.

७. हे मृत्युपत्र माझ्या मरणाची वाट पाहत कपाटात ठेवू नये. चिउसाहेबांनी याची प्रत आजच, सर्वांत जलद टपालाने, मँचेस्टरला पाठवावी. डॉक्टरबाई म्हणतात की शरदातल्या पौर्णिमेचे केक मी खाईन, त्यापुढचे त्या सांगत नाहीत. पौर्णिमेला पंचवीस दिवस आहेत. टपालाला चार, विमानाला एक. बाकीचे वीस दिवस आ-टुंगला विचार करायला ठेवले आहेत. तिला विचार करायला वेळ लागतो, आईवर गेली आहे. आ-टुंग, वीसच्या वीस वापरू नकोस.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील चिउ यांनी करावी. यावर कोणी हरकत घेऊ नये. घेणार कोण, म्हणा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी दोनदा थांबवला, आणि तो माझाच आहे.

सही : मोक शिंग-पो
ठिकाण : रुग्णालय, वॉर्ड सहा, कौलून
दिनांक : ४ सप्टेंबर २०२३, दुपारी सव्वातीन

साक्षीदार :
१. ताम हिन-लोंग, वय २६, वकील चिउ यांच्या कचेरीतील कारकून.
२. श्रीमती पुन सौ-लान, वय ५१, वॉर्डातील सफाई कामगार.

साक्षीदारांबाबत खुलासा : कायद्याने साक्षीदार दोन हवेत, आणि ज्यांना काही मिळणार आहे ते चालत नाहीत, म्हणून क्वान आणि यिप बाई बाद. सकाळपासून क्वानने बसथांब्यापासून देवळापर्यंत चौदा दारे वाजवली. सर्वांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, दोघांनी फळे दिली. माझ्या नावाखाली आपले नाव लिहायला कोणी तयार झाले नाही. टपाल पाचला बंद होते. वरील दोघे माझ्या दुकानात कधी आलेले नाहीत. श्रीमती पुन शाकाहारी आहेत.